भाव दुरुस्त केला की यादी बिघडते: एका प्रतिक्रियेला उत्तर

उदगीरचे दादा, आडतीच्या नोंदी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत भावानुसार लावून ठेवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. नोंदी लावायला ‘इन्सॉर्ट’ (नवी नोंद थेट तिच्या योग्य जागी घालणं) कशाला, अ‍ॅपेंड करून (शेवटी जोडून) सॉर्ट मारलं की झालं, हा पहिला. नवी नोंद घालायला ‘लॉग एन’ वेळ (यादी दुप्पट झाली तरी एकच पायरी जास्त) लागतो हे मी चूक लिहिलं, हा दुसरा.

दुसरा कबूल. दर वेळी अर्धी यादी सोडून देत शोधलं (यालाच बायसेक्ट म्हणतात) तर लाखाच्या यादीत जागा १७ तुलनांत सापडते, पण पायथनची लिस्ट सलग असते; मधे घुसायचं तर पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकवावं लागतं.

पहिला अर्धाच पटला. सौदा उरकल्यावर सगळं एकदम भरायचं असेल तर भरा आणि एकदाच सॉर्ट करा. सौदा चालू असताना दर नोंदीला सॉर्ट केलंत तर दर वेळी लाखभर तुलना. टिम पीटर्स यांचा २००२चा टिमसॉर्ट (पायथनची सॉर्ट करायची पद्धत) आधीच लागलेला भाग ओळखतो, म्हणून एवढ्यावर भागतं. पाचशे नोंदींत मात्र काहीही करा.

खरी गडबड तुमच्या कोडमध्ये वेगळीच आहे. भाव दुरुस्त करताना तुम्ही नोंद जागच्या जागी बदलता. समजा यादी ४४००, ४५२०, ४६१०, ४७००. ४५२०चे ४७५० केले, की ४४००, ४७५०, ४६१०, ४७००. आता बायसेक्टने ४७५० शोधा: तो आधी ४६१० बघतो, मोठं हवं म्हणून उजवीकडे ४७०० बघतो, आणि यादीचं टोक गाठतो. नोंद डावीकडे बसलेली, प्रोग्रॅम म्हणतो नाही. एररही येत नाही. तुमच्याकडे पुढच्या सॉर्टला हे आपोआप सावरतं, म्हणून लक्षात आलं नसेल. इन्सॉर्ट वापरणाऱ्याकडे बिघाड तसाच राहतो.

म्हणून जुनी नोंद काढा, भाव बदला, पुन्हा इन्सॉर्ट करा. एकाच भावाच्या चार पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) असल्या तर काढायची कोणती? त्यासाठी भाव आणि पट्टी क्रमांक यांचा टपल (म्हणजे जोडी) ठेवा, प्रत्येक नोंद वेगळी ठरते. टपल नको आणि ‘की’ (नोंदीतल्या कशावरून क्रम लावायचा हे सांगणारी सोय) वापरायची असेल तर पायथन ३.१० किंवा पुढचं लागेल. त्यातही एक खोच आहे: इन्सॉर्टला अख्खी नोंद द्यायची, बायसेक्टला मात्र नुसता भाव.

आणि सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) आलेला भाव आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदला. स्ट्रिंगच (नुसता मजकूर) राहिला तर तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून तुरीचे १०२०० हे ९८००च्या आधी बसतात.