गुण कागदावर, पोरगं पुलाखाली

परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडलेला माणूस पुन्हा गुन्हा करेल का, हे प्रश्नावलीच्या गुणांवरून ठरवा, असं एका लेखात वाचलं. वय, आधीचे गुन्हे, कामधंदा बघायलाच हवं. पण आमच्या कळव्याच्या चाळीतला एक पोरगा मोबाइलचोरीत सापडला, तेव्हा कागदावर सगळंच वाईट होतं. वय १९, दहावी नापास, बाप नाही. परिवीक्षा अधिकारी बाई घरी आल्या, आईशी तासभर बोलल्या, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही विचारून गेल्या. (२१ च्या आतल्याला तुरुंगात धाडायचं का हे ठरवताना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ६ असा अहवाल मागवायलाच लावतं.) आता तो तिथेच पंक्चर काढतो. जुनी टोळी मात्र अजून पुलाखाली बसते, आणि त्याचा रोजचा रस्ता तोच. हे कुठल्या रकान्यात भरणार?