फ्लिंडर्स पेट्री, नकादाच्या कबरी आणि वंशाच्या चष्म्यातून झालेली चूक

प्राचीन इजिप्तचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोठे बौद्धिक काम ती कबर सापडण्यापूर्वी वीसहून अधिक वर्षे आधी झाले होते, आणि ते मातीच्या साध्या भांड्यांवर झाले होते. ते करणारे इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांचे मोठेपण मला मनापासून मान्य आहे. मात्र त्यांचे चरित्र सांगताना त्यांच्या वंशविचाराचा उल्लेख 'तो काळच तसा होता' एवढ्या वाक्यात उरकला जातो, हे मला पटत नाही, कारण त्या विचाराने त्यांच्या शास्त्रीय कामाचेच नुकसान केले.

पेट्री १८५३ साली लंडनजवळच्या चार्लटन येथे जन्मले. प्रकृती अशक्त असल्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच झाले आणि मोजणीची विद्या त्यांनी वडिलांकडून घेतली. स्कॉटलंडचे राजखगोलज्ञ पियाझी स्मिथ यांनी त्या काळी असा सिद्धान्त मांडला होता, की गिझाचा मोठा पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेने ठरलेल्या 'पिरॅमिड इंचा'त बांधला असून त्याच्या मापांत वर्षाच्या दिवसांची संख्या दडलेली आहे. पेट्री पितापुत्रांवर या कल्पनेचा मोठा प्रभाव होता. ती पडताळण्यासाठी पेट्री डिसेंबर १८८० मध्ये गिझाला पोहोचले, खडकात कोरलेल्या एका जुन्या कबरीत त्यांनी मुक्काम केला आणि दोन हिवाळे मोजणी केली. पायाच्या बाजूची सरासरी लांबी ९०६८.८ इंच भरली; स्मिथ यांच्या हिशेबाला हवी होती त्याहून ती कमी होती, आणि या आकड्याने स्मिथ यांचा सिद्धान्त मोडीत निघाला. आपल्याच घरात आदराने जपलेली कल्पना खोटी ठरवणारे आकडे त्यांनी १८८३ साली पुस्तकरूपाने छापले. पुराव्यापुढे नमते घेण्याची ही तयारी मला पिरॅमिडच्या मापांइतकीच महत्त्वाची वाटते.

त्या काळी इजिप्तमध्ये उत्खनन म्हणजे पुतळे, शिलालेख आणि शवपेट्या बाहेर काढणे. फुटकी भांडी मातीच्या ढिगाऱ्यात जात. पेट्रींनी ती खापरे उचलली, त्यांची चित्रे काढली, कोणते कोणासोबत सापडले याची नोंद ठेवली. आपल्याकडे जोर्वे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगाचे कालखंड ओळखताना मातीच्या भांड्यांचा किती आधार घेतला गेला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सवयीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता नकादाकडे येतो, कारण माझे म्हणणे तिथेच उभे राहते. १८९४-९५ च्या हिवाळ्यात वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधल्या नकादा येथे पेट्रींना दोन हजारांहून अधिक कबरी सापडल्या. मृतदेह गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर ठेवलेले होते; सोबत काळ्या काठाची तांबडी भांडी आणि पाटीच्या दगडाच्या चपट्या तबकड्या होत्या, पण ओळखीची चित्रलिपी कुठेच नव्हती. पेट्रींनी निष्कर्ष काढला, की हे लोक इजिप्शियन नव्हेतच. पिरॅमिड बांधणारे 'जुने राज्य' कोसळल्यानंतर बाहेरून आलेला हा एक 'नवा वंश' आहे. प्रत्यक्षात त्या कबरी पहिल्या राजघराण्याच्याही आधीच्या होत्या, म्हणजे इजिप्शियनांच्या पूर्वजांच्याच होत्या. फ्रेंच संशोधक जाक द मॉर्गन यांनी हे लवकरच दाखवून दिले, पण पेट्रींना ते स्वीकारायला काही वर्षे लागली. तुलनेला दुसरे साहित्य फारसे नव्हते, ही अडचण खरी आहे. तरीही, संस्कृती बदललेली दिसली की वंश बदलला असे मानण्याची सवय नसती, तर हाच माणूस इतका दूर भरकटला असता असे मला वाटत नाही.

त्यांना वाट दाखवली ती पुन्हा खापरांनीच. लेख नाहीत, राजांची नावे नाहीत, अशा कबरींचा क्रम लावायचा कसा? पेट्रींनी सुमारे ९०० कबरी निवडल्या आणि प्रत्येकीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी करून तिच्यात कोणत्या प्रकारची भांडी होती ते लिहिले. नागमोडी कडीच्या भांड्यांत सुरुवातीला कडी खरोखर धरण्याजोगी आहे. पुढे ती आखडत जाते आणि अखेरीस उभ्या नळकांडी भांड्यावर नुसती एक रेघ उरते. या ऱ्हासाचा धागा धरून आणि एकत्र सापडणारे प्रकार शक्य तितके जवळ येतील अशा रीतीने पट्ट्या मागेपुढे सरकवून त्यांनी संपूर्ण क्रम लावला. त्याला ३० ते ८० असे आकडे दिले आणि त्याहून जुने काही पुढे सापडेल म्हणून १ ते २९ मोकळे सोडले. ही पद्धत त्यांनी १८९९ साली मांडली. संगणकाच्या किती तरी आधी, हाताने सरकवलेल्या पट्ट्यांवर, एका लिपिपूर्व समाजाचा कालक्रम उभा राहिला. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण मूळ विचार टिकला.

दुःख याचे आहे, की पिरॅमिड इंच सोडून देणाऱ्या पेट्रींनी वंशाची कल्पना कधीच सोडली नाही. सुप्रजननवादाचे, म्हणजे निवडक लोकांच्या संततीतून वंश 'सुधारावा' या विचाराचे, प्रवर्तक फ्रान्सिस गॉल्टन यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. नकादाच्या कवट्या लंडनला मोजमापासाठी गेल्या. इजिप्तची राजसत्ता पूर्वेकडून आलेल्या एका श्रेष्ठ वंशाने उभी केली, हे मत त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत धरून ठेवले. स्थानिक लोकांच्या पूर्वजांनी ती संस्कृती स्वतः घडवली असेल, हे त्यांच्याच पट्ट्या सुचवत होत्या, आणि ते त्यांनी पुरेसे ऐकले नाही.

ज्या इजिप्शियन हातांनी हे पुरावे जमवले त्यांचाही विचार इथे करायला हवा. कुफ्त गावचे जे मजूर पेट्रींनी तयार केले, त्यांच्या गावाचे नाव पुढे इजिप्तभर कुशल उत्खनकांची ओळख बनले. नकादाला कामाची उतरंड ठरलेली होती: मुलांनी मऊ जमीन हेरायची, साध्या मजुरांनी भांडी दिसेपर्यंत खणायचे, मग सरावलेल्या माणसांनी माती काढायची आणि शेवटी पेट्रींचे सर्वांत कुशल कामगार अली सुएफी यांनी सांगाडा व भांडी जागची न हलवता मोकळी करायची. कोणत्या कबरीत काय होते हे पेट्रींना पट्टीवर लिहिता आले, ते या कौशल्यामुळे. त्यामुळे त्या क्रमाचे श्रेय देताना पेट्रींच्या बरोबरीने अली सुएफी यांचे नाव घेतले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.