काजूची बाग लावून देवराई भरून निघत नाही

गावच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मामांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, "बरोबर वाटतंय." मेसेज असा: देवराईतली जुनी पोकळ झाडं वटवाघळांचा अड्डा झाली आहेत, ही वटवाघळं निपाह हा जीवघेणा विषाणू पसरवतात, रक्त पितात, कायद्यानेही ती उपद्रवीच आहेत, तेव्हा झाडं पाडा आणि काजू लावा. झाडाच्या जागी झाडच येणार, पाखरं काही कमी होत नाहीत. आता गोष्ट मामांच्या राईतल्या बेहड्यापर्यंत आली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

'झाडाच्या जागी झाड' हा यातला सगळ्यात घातक मुद्दा, कारण तो शहाणपणाचा वाटतो. धनेशाच्या मादीला अंडी घालायला मोठ्या झाडाची ढोली लागते. ती स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीच्या कलमाला अशी ढोली कुठून येणार? वठलेलं लाकूड नसेल तर सुतार पक्ष्याने घर कशात कोरायचं? बागेत दरवर्षी बेणणी होते, म्हणजे खालची झुडपं गेली, पालापाचोळा गेला आणि तो पाला उलथून किडे खाणारा नवरंग पक्षीही गेला. उरतात बुलबुल, सातभाई, कावळे. "पाखरं आहेत की!" असं म्हणायला तेवढी पुरतात.

वटवाघळांचा तर पद्धतशीर अभ्यासच झाला आहे. तामिळनाडूत वालपराईला क्लेअर वर्डली आणि सहकाऱ्यांनी राखीव जंगल, जंगलाचे उरलेले तुकडे, कॉफी आणि चहा यांची तुलना केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. चहाच्या मळ्यात वटवाघळांचं वैविध्य पार घसरलेलं दिसलं. मार बसला तो फळं खाणाऱ्यांना, मोठ्या आकाराच्यांना आणि आखूड, रुंद पंखांच्या जातींना. असे पंख फांद्यांच्या दाटीत वळण्यासाठी असतात. त्याच चहात जिथे नदीकाठी झाडांचा पट्टा राखला होता, तिथे नुकसान बरंच कमी होतं.

इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावा लागतो. सावलीतली कॉफी या बाबतीत जंगलाच्या जवळपास निघाली. पण त्या कॉफीवर मोठी झाडं उभी होती. जेसीबीने डोंगर खरवडून लावलेल्या काजूला तो दाखला कसा लागू होईल? फणस, कोकम, रायवळ आंबा, मध्ये एखादा उंबर अशी आजोबांच्या वेळची बाग असती तर मी भांडलोच नसतो.

निपाहचं म्हणाल, तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत त्याच्या खुणा सापडल्या, हे खरं आहे. पण गुहेतून. बेहडा पाडून गुहेतली वटवाघळं कशी जातील? केरळात २०१८ साली बहुतेकांना लागण झाली ती रुग्णाच्या सहवासात, तीही मुख्यतः रुग्णालयांत. उलट वस्ती मोडली की वटवाघळं पांगतात आणि रानात खायला नसलं की घराजवळच्या चिकूवर येतात. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा विषाणूचं असंच झालं: हिवाळ्यात अन्न देणारं जंगल तुटलं, वटवाघळं शेतांकडे सरकली आणि घोड्यांना लागण होण्याचे प्रकार वाढले. मामा, वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खाऊ नका, पोरांना देऊ नका, मेलेल्या वटवाघळाला हात लावू नका. झाडाला करवत लावून यातलं काहीच साधणार नाही.

बाकीचं पटकन. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, त्याही मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांत. चिकूचं, काजूचं नुकसान होतं, हे मान्य. फळांना जाळी लावा. आणि कायद्याची गोष्ट जुनी झाली. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातून काढून टाकली आहे.