बंदराचं शहर पाहिलं, बंदर राहिलं

तुर्कस्तानातल्या इफेसस या प्राचीन, आता भग्न शहराहून येऊन तीन आठवडे झाले. फोटो टाकले, तुम्ही सगळ्यांनी भरभरून लाइक केलंत. पण मनात जे खदखदतंय ते फोटोत आलेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आई आणि मी ग्रीस-तुर्कस्तानच्या सात दिवसांच्या क्रूझला गेलो होतो. आई एक्काहत्तर वर्षांची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला तिने. क्रूझला हो म्हणाली ती माहितीपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवून: तिसरा दिवस, कुशादासी बंदर, इफेसस. "बाकीची बेटं तू बघ, मला एवढं दाखव."

सकाळी सातला जहाज धक्क्याला लागलं, आणि दुपारी साडेचारपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं होतं. म्हणजे हाताशी साडेनऊ तास. आम्ही जहाजाचीच शोअर एक्स्कर्शन, म्हणजे किनाऱ्यावरची सहल घेतली, कारण स्वतःचे स्वतः गेलो आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, त्यांच्या सहलीची बस अडकली तर थांबतं. आई बरोबर असताना ती जोखीम नको वाटली. सहल पाच तासांची, आठ ते एक. त्यातला हिशोब मी रात्री केबिनमध्ये बसून मांडला. बसचा प्रवास सव्वा तास, मेरीमातेचं घर चाळीस मिनिटं, गालिच्यांचं दुकान पन्नास मिनिटं. उरलेला वेळ रांगा आणि माणसं मोजण्यात. आणि ज्याच्यासाठी गेलो त्या इफेससला एक तास चाळीस मिनिटं.

बस वरच्या दाराशी सोडते आणि खालच्या दाराशी उभी राहते. सगळा रस्ता उताराचा, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना ते बरंच पडलं. ही सोय चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण उतारावरून तीस-चाळीस माणसांचा घोळका एका झेंड्यामागे निघाला की थांबता येत नाही. वरच्या चौकाजवळ खापराचे नळ रचून ठेवलेत, एकाचं तोंड दुसऱ्यात बसेल असे. शहराला पाणी त्यातून यायचं. आईचं माहेर औरंगाबादचं, मलिक अंबरच्या नहरीचे खापरी नळ बघत ती वाढली. तिने एका नळाच्या कडेवरून बोट फिरवलं, आत साचलेला क्षाराचा पांढरट थर नखाने खरवडून बघितला आणि म्हणाली, "अगं, आमच्याकडेही अस्साच थर धरायचा." मी वर पाहिलं तर आमचा झेंडा पुढच्या वळणावर पोचला होता.

इथे आजूबाजूला दिसतं ते शहर मुळात इथे नव्हतंच. अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाखस याने ते इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास या दोन डोंगरांमधल्या जागेत हलवलं. लोक जुनी घरं सोडायला तयार नव्हते. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, की मोठा पाऊस आला तेव्हा लिसिमाखसने जुन्या शहराची गटारं बुजवली, घरांत पाणी शिरलं आणि माणसं मुकाट नव्या जागी आली. ही गोष्ट आईने मला चालता चालता सांगितली. नालासोपाऱ्यात दर जुलैत कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढणाऱ्या आम्हा दोघींना ती समजावून सांगायला लागली नाही. गाइडला ती सांगायला वेळ मिळाला नाही. बिचारा घड्याळाकडे बघत बोलत होता. माणूस जाणकार होता, राग त्याच्यावर अजिबात नाही.

सेल्ससच्या ग्रंथालयापाशी फोटोसाठी दहा मिनिटं मिळाली. त्या दुमजली दर्शनी भिंतीसमोर उभं राहिल्यावर खरंच बोलायचं सुचत नाही. सेल्सस हा रोमच्या आशिया प्रांताचा राज्यपाल. त्याच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय बांधवलं आणि सेल्ससचं दफन त्याच इमारतीच्या पोटात आहे. भिंत मात्र पडलेली होती. ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७०च्या दशकात विखुरलेले दगड जुळवून ती पुन्हा उभी केली. जवळ गेलं की जुन्या संगमरवराला कुठे नव्याचा जोड दिलाय ते डोळ्यांना कळतं. कोनाड्यांतले पुतळे प्रतिकृती आहेत, मूळचे व्हिएन्नाला. शेजारच्या उतारावर छताखाली श्रीमंतांची घरं आहेत, भित्तिचित्रं आणि मोझेइकच्या फरशांसकट. त्यांचं तिकीट वेगळं आणि आमच्या सहलीत ती नव्हतीच.

मग नाट्यगृह. सुमारे पंचवीस हजार माणसं बसतील एवढं. निघण्याआधी शेजारच्या वसईकर ख्रिस्ती मावशींनी आईला बायबलमधली हकिकत सांगितली होती. देवी आर्टेमिसची चांदीची देव्हारी करणारे कारागीर ख्रिस्ती धर्मप्रसारक पौलाच्या उपदेशाने चिडले, सगळं शहर याच नाट्यगृहात धावलं आणि देवीचा जयघोष दोन तास चालला. आईला इथे निवांत बसायचं होतं. आम्हाला नऊ मिनिटं मिळाली.

आई खाली बसली आणि मी धावत वर चढले. तिथून जे दिसलं त्यासाठी ही पोस्ट आहे.

नाट्यगृहाच्या समोरून एक सरळ रुंद रस्ता निघतो, जवळजवळ अर्धा किलोमीटर. दोन्ही बाजूंना खांबांचे तुकडे. या रस्त्यावर रात्री पन्नास दिवे लागत असत, असा शिलालेखच सापडलाय. हा बंदराचा रस्ता. जहाजातून उतरलेला प्रत्येक व्यापारी, यात्रेकरू, सुभेदार याच रस्त्याने शहरात यायचा. आणि आज हा रस्ता जाऊन थांबतो तिथे झुडपं आणि वेताची हिरवी दलदल आहे. समुद्र तिथून साधारण पाच किलोमीटर लांब गेलाय. कायस्त्रोस नदीने, आजच्या कुचुक मेंदेरेसने, शतकानुशतकं गाळ आणला आणि बंदर भरत गेलं. पर्गामोनचा राजा दुसरा अटॅलस याने तर बंदराचं तोंड धक्का बांधून अरुंद केलं. पाणी खोल होईल आणि मोठी जहाजं आत येतील असा त्याचा अंदाज होता. झालं उलटंच, समुद्राच्या भरती-ओहोटीने बाहेर जाणारा गाळ आतच अडकू लागला. पुढे रोमन काळात उपसा झाला, खटपटी झाल्या, पण गाळ थांबला नाही. बंदर गेलं आणि हळूहळू माणसंही गेली.

आम्ही सोपाऱ्याचे. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्द्याने लिहिलेल्या सागरी वाटाड्यात आमच्या गावाचं नाव आहे. सातवाहनांच्या काळातलं मोठं बंदर ते. तिथली खाडी आज गाळाने भरलीय. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी खणली तेव्हा स्तूप निघाला. मी शाळेत असताना आईने आमचा वर्ग तिथे नेला होता आणि विचारलं होतं, "बंदर होतं ना, मग पाणी कुठाय?" त्या नऊ मिनिटांत मला तोच प्रश्न आठवला. मी ओरडून आईला हात केला, पण तिला पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. तिने बंदराची जागा पाहिली ती माझ्या फोनवर, बसमध्ये.

समुद्रातून आलेल्या आम्हा चाळीस जणांना, समुद्र सोडून गेल्यामुळे ओस पडलेलं शहर दाखवलं आणि हेच सांगितलं नाही. मला हे फार लागलंय.

परतताना आर्टेमिसच्या मंदिराची जागा बसच्या खिडकीतून दाखवली. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आता तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब आहे. जॉन टर्टल वुड या इंग्रजाने हे मंदिर सहा वर्षं शोधलं. नाट्यगृहातल्या एका शिलालेखात मिरवणुकीचा मार्ग कोरलेला होता. त्यावरून त्याने शहराचं दार गाठलं, दारापासून जुन्या रस्त्याचा माग काढत खणत गेला आणि १८६९च्या शेवटच्या दिवशी गाळाखाली मंदिराची फरशी लागली. इथेही गाळच. बस थांबली नाही.

पण गालिच्याच्या दुकानात थांबली. तिथे मागावर बसलेल्या बाईंची बोटं मी पाहिली. प्रत्येक गाठ दोनदा वळसा घेत होती, नजर मागावरून हटत नव्हती. त्या कामाला माझा नमस्कार आहे. मात्र नंतर दारं लावून एकामागून एक गालिचे उलगडले आणि प्रत्येकामागे एक विक्रेता लावला. आईला खुर्चीत बसवून चहा दिला आणि तिच्याजवळ बसून किंमत कमी करत राहिले. ती मला हळूच म्हणाली, "एवढा वेळ तिथे मिळाला असता."

मला सांगितलं जातं की लोकांना खरेदी हवीच असते, लोक उन्हात दमतात. असतील. मग तिकिटावर तसं छापा. कुठे किती मिनिटं, दुकानात किती, भग्नावशेषांत किती. "इफेसस दर्शन" म्हणून पैसे घेताना एवढं सांगणं बंधनकारक असायला हवं. आम्ही एक वाजता धक्क्यावर होतो, जहाज साडेचारपर्यंत उभं होतं. साडेतीन तास आमच्या हातात होते आणि ते वाया गेले, हे मला सहन होत नाही. आणि हे फक्त परदेशी जहाजांचं नाही. आपल्याकडच्या सहलीही वेरूळला कैलास लेणं पाऊण तासात उरकून पैठणीच्या दुकानात दीड तास बसवतात. आपण गप्प बसतो.

जहाजावर अभिप्रायाचा कागद आला. बस स्वच्छ होती का, गाइडचं इंग्रजी कळलं का, असे प्रश्न. वेळ पुरला का, हे विचारलेलं नव्हतं. मी खाली मोकळ्या जागेत लिहिलं. आईने पेन घेऊन त्याखाली मराठीत लिहिलं, "बंदर दाखवा." वाचणाऱ्याला कळेल न कळेल, तिने लिहिलं.

कुणी जाणार असाल तर सांगते. कुशादासीहून इफेससजवळच्या सेल्चुक गावाकडे दोल्मुश नावाच्या मिनीबस सारख्या असतात, इफेससच्या फाट्यावर उतरवतात. खालच्या दाराने आत शिरा, नाट्यगृह आणि बंदराचा रस्ता आधी बघा. सावली जवळजवळ नाही, संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालाय, तेव्हा पकड असलेले बूट हवेत.

आम्ही पुन्हा जाणार आहोत, यावेळी जहाजाशिवाय, सेल्चुकला दोन रात्री राहून. तिथे राहून आलेलं कुणी असेल तर एवढं कळवा: छताखालच्या त्या घरांमध्ये जिने किती आहेत, आणि मध्ये बसायला कुठे जागा आहे का? आईला ती घरं बघायची आहेत.