सुपातल्यांसाठी काही सूचना

ओळखीतल्या एखाद्या घरावर वाईट दिवस आले आहेत, म्हणजे कर्त्या पुरुषाची नोकरी सुटली आहे, वाण्याची उधारी वाढली आहे आणि मुलीच्या क्लासची फी दोन महिने थकली आहे, असे कानावर आले की सुसंस्कृत माणसाने सर्वप्रथम सूप करावयास घ्यावे. त्या घराला नेमके काय हवे आहे, हे फोन करून विचारण्याची चूक कृपया करू नये. विचारले की लोक सांगतात, आणि एकदा सांगितल्यावर आपल्याला ऐकूच आले नाही असे म्हणणे फार अवघड जाते.

खचलेल्या माणसाला मुगाचे कढण किंवा टोमॅटोचे सार देण्याची रीत आपल्याकडे आहेच. परंतु ते पदार्थ त्या घरातल्या वहिनींना आपल्यापेक्षा चांगले येतात, त्यामुळे तो मार्ग बंद समजावा. क्रॉफर्ड मार्केटात जाऊन ब्रोकोली, सेलेरी आणि लीक आणावे, वर थोडे क्रीम सोडावे. (लिहिणाऱ्याने हे सारे स्वतः करून पाहिलेले आहे, लीकऐवजी कांद्याची पात घातली होती, एवढाच फरक.) रेशन कार्ड प्राधान्य गटातले असेल तर माणशी ५ किलोप्रमाणे चौघांना महिन्याला २० किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट, तेव्हा पोटाची सोय सरकारने लावलेलीच आहे, असे मनाशी म्हणावे. त्या धान्याबरोबर तेल, भाजी आणि गॅस येत नाही, हे सूप ढवळताना आठवलेच तर पळी जरा जोरात फिरवावी. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण कोणी काढलीच, तर ते सूप धान्य पाखडायचे आणि आपले सूप क्रीमचे, असा खुलासा करावा.

आता भेटवस्तू. विकतच्या वस्तूची किंमत कळते, पाकिटातल्या पैशांची तर फारच कळते. म्हणून भेट स्वहस्ते केलेली असावी, आणि त्यातही लोकरीच्या मफलरला तोड नाही. त्याची किंमत विचारण्याची कोणाची छाती होत नाही आणि तो देऊन वाण्याची उधारीही फिटत नाही. मुंबईत मफलर कशाला, असे एखादा अरसिक म्हणेल. त्याला सांगावे की सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. तशी पहाट पुन्हा उजाडली तर उधारीसकट का होईना, हे कुटुंब तयार असेल.

पार्ल्याहून नायगावला टॅक्सीने जावे, कारण लोकलच्या गर्दीत सूप सांडते. टॅक्सीचे भाडे आणि ब्रोकोलीचे बिल यांची बेरीज मात्र करू नये. ती क्लासच्या फीच्या नको तितकी जवळ जाते. बीडीडी चाळीतली ती खोली १६० चौरस फुटांची असते, म्हणजे आपण आत शिरताच कोणाला तरी बाहेर गॅलरीत जावे लागते, आणि बहुधा ते ज्यांची नोकरी सुटली आहे तेच असतात. वहिनी “बसा ना भाऊजी, चहा टाकते” म्हणतील. आपण “कशाला, कशाला” एवढेच म्हणावे, उठू मात्र नये. धाकट्याला हळूच जिन्यावरून खाली पिटाळले जाईल, तो अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घेऊन येईल आणि वाण्याच्या वहीत आणखी एक ओळ चढेल. चहात आले असेल, बशीत चार बिस्किटे असतील. मुलगा त्या बशीकडे पाहणार नाही, कारण त्याला तसे बजावलेले असते. आपण दोन घ्यावीत; एकही न घेतल्यास त्यांना वाईट वाटते.

निघताना “काही लागले तर नि:संकोच सांगा” हे वाक्य दारात, चपला घालता घालता म्हणावे. खोलीत बसून म्हटल्यास उत्तर येण्याची भीती असते.

डब्याच्या बुडाशी आपले नाव घातलेले असावे, म्हणजे तो परत येतो. चार दिवसांनी थोरली मुलगी लोकलने पार्ल्याला येऊन डबा देऊन जाईल. तो आतून-बाहेरून लख्ख घासलेला असेल आणि आत वाटीभर साखर असेल, कारण कोणाचे भांडे रिकामे परत करू नये, असे त्या घरात अजून मानतात. साखर आपल्या बरणीत ओतून घ्यावी, आणि मुलगी लिफ्टपर्यंत पोहोचण्यापूर्वी झाकणाची रबरी रिंग जागेवर आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.