पावसाळी गटाराचे पैसे आनंदाने कसे भरावेत?

पहिली सूचना: मालमत्ता कराचे बिल भर पावसात उघडू नका. मी उघडले. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, स्कूटरचा सायलेन्सर बुडालेला, आणि बिलात सर्वसाधारण कराच्या खाली जलनिस्सारण लाभ कर, शांतपणे बसलेला. तरीही तो वेळेत भरा. उशीर झाला तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. पाण्याला मात्र उतरायची मुदत नाही.

आकारणी कशी झाली, हे विचारू नका. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, वापर यांवरून घराचे मूल्य ठरते आणि त्यावर टक्के. तुमच्या आवारातून पावसाचे किती पाणी रस्त्यावर जाते, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. मग अंगणात माती ठेवताच कशाला? पेरू तोडा, कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक ठोका, उतार रस्त्याकडे काढा. पाणी शेजाऱ्याच्या दारात, बिल तेवढेच. बर्लिनकर येडे आहेत. तिथे 2000 सालापासून पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा लावतात. छप्पर आणि फरशीच्या जितक्या चौरस मीटरवरचे पाणी गटारात जाते, तितके पैसे. फिलाडेल्फियातही पाणी न मुरणारी जमीन मोजतात. असला हिशेब इथे आला तर मॉलवाल्यांनी आणि मंगल कार्यालयांनी जगायचे कसे?

रेन वॉटर हार्वेस्टिंग दाखल्यापुरतेच करा.

रस्ता काँक्रीटचा होत असेल तर ठेकेदाराला नारळ द्या. जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच नवा थर ओततील, तुमचे गेट एक वीत खाली जाईल आणि सोसायटीला फुकटात तलाव मिळेल. पावसाळी चेंबरची जाळी रस्त्यापेक्षा चार बोटे वर बसवतील, म्हणजे आत जायला पाण्याने आधी उडी मारायची! नालेसफाईचा गाळ काठावरच रचतील, तो पहिल्याच सरीत परत आत. तुम्ही अ‍ॅपवर तक्रार करा. संध्याकाळी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज येईल, सोबत फोटो. फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच गल्लीचा. चेंबर कोरडे, उन्हात चमकणारे. बाहेर पाऊस कोसळतोय हो! फोन केला तर साहेब म्हणतात, पाऊसच जास्त झाला.

धीर धरा. मुंबईची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती. ती वाढवायला सांगणारा ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या योजनेचा, अहवाल 1993 चा. त्याच्यावरची धूळ झटकायला 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस लागला.

पुरे झाले. पैसे घेता ना? मग जाळ्या रस्त्याच्या पातळीला आणा. आमच्या वॉर्डात पावसाळी गटारांवर किती खर्च केला, ते वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावा. ज्याने एकरभर जमीन फरशीखाली घातली त्याच्याकडून एकराचे घ्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या म्हातारीकडून नको.

आणि सोसायटीवाल्यांनो, तुम्हीही गप्प बसा. पेव्हर ब्लॉकचा ठराव पाच मिनिटांत एकमताने, शोषखड्डा मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’! पावसाळी लाइनला चोरून संडासाची लाइन जोडायची आणि वर वासाची तक्रार करायची, याची लाज वाटू द्या. ती जोडणी आधी तोडा, मग मोर्चा काढा. मीही येतो.