कोरियन तरुणांनी स्वर बिघडवले, हा आरोप खोटा आहे

के-ड्रामाच्या चाहत्यांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. म्हणे, हंगुल लिपीत कोरियन जशी लिहितात तशीच बोलतात; पण मोबाइल आणि के-पॉपच्या नादात तरुण पिढीने ‘ॲ’ आणि ‘ए’ एक करून टाकले; तेव्हा शुद्ध उच्चार हवेत तर आजी-आजोबांचे ऐका. कोरियन शिकणारी आपली मुलं हे खरं मानून तिथल्या तरुणांच्याच बोलण्यात चुका काढतात, म्हणून हे लिहितोय.

‘ॲ’ आणि ‘ए’ मिसळले हे खरं. पण सोलमध्ये ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच मिसळू लागले होते, हातात मोबाइल यायच्या आधी. तेव्हाची तरुण मंडळी आज स्वतःच आजी-आजोबा आहेत. शिवाय बोलणाऱ्यांनी अडचणीवर वाटही काढली. ‘नॅगा’ म्हणजे मी, ‘नेगा’ म्हणजे तू. दोन्ही सारखेच ऐकू यायला लागल्यावर कोण कोणाबद्दल बोलतंय ते कळेना, म्हणून बोलताना ‘तू’चं ‘नीगा’ झालं. लिहिताना अजूनही ‘नेगा’च. आपणही ‘श’ आणि ‘ष’ वेगळे लिहितो आणि बहुतेक जण एकच उच्चारतो, तसंच हे.

आता शुद्धतेचं. राजा सेजोंगने १४४६ मध्ये लिपी जाहीर केली तेव्हा आजचं ‘ॲ’चं अक्षर ‘आइ’ असं वाचलं जायचं आणि ‘ए’चं ‘अइ’ असं. अक्षर नीट पाहा: ‘आ’च्या चिन्हाला ‘इ’ची उभी रेघ जोडलेली आजही दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस या जोडस्वरांचे साधे स्वर झाले. म्हणजे आजोबांचा ठसठशीत ‘ॲ’ हासुद्धा कधीकाळी नव्या पिढीचाच उच्चार होता.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्टही अशीच. ‘नुन’ म्हणजे डोळा, ‘नून’ म्हणजे बर्फ. १९८८ च्या प्रमाण उच्चाराच्या नियमांत हा भेद आहे, पण सोलचे तरुण तो पाळत नाहीत. मुळात ही दीर्घता जुन्या चढत्या सुराचा अवशेष. पंधराव्या शतकात तो सूर अक्षराच्या डावीकडे दोन टिंबं देऊन दाखवत. सूर गेला, लांबी उरली, आता तीही चालली. ‘नुनी वा’ ऐकून ‘डोळा येतोय’ असं कोणी समजत नाही, बर्फ पडतोय हे कळतंच.

तरुणांचा ‘ओ’ही ‘ऊ’कडे सरकतोय. ‘मीसुद्धा’ या अर्थाचं ‘नादो’ सर्रास ‘नादू’ असं ऐकू येतं.

आणि आजी-आजोबांचेच ऐकायचे, तर आग्नेय कोरियातल्या बुसान-दॅगू या शहरांकडे काय करणार? तिथल्या ग्योंगसांग बोलीत जुन्या पिढीचे ‘अ’सारखा स्वर आणि ओठ पसरून म्हटलेला ‘उ’ हे एकच झालेले असतात. शाळा आणि टीव्हीवरची सोलची भाषा यांमुळे नातवंडं तेच दोन स्वर वेगळे उच्चारतात. तिथे भेद कमावलाय तो तरुणांनी.

काळजी करायचीच तर जेजू बेटाची करा. ‘आरॅ आ’ नावाचा जुना स्वर सोलच्या बोलण्यातून कधीच गेला, १९३३ च्या लेखननियमांत त्याचं अक्षरही वगळलं गेलं. जेजूच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे. पण युनेस्कोने २०१० मध्ये जेजूची भाषा अतिसंकटग्रस्त ठरवली, आणि तिथल्या घरांत मुलांशी आता सोलचीच कोरियन बोलली जाते.